पान्हशिळेचे नऊ खळगे

पान्हा म्हणजे दूध नव्हे. दूध हा पदार्थ. पान्हा म्हणजे त्या पदार्थाचे खाली येणे. संस्कृतातल्या 'प्रस्नव' या शब्दापासून तो मराठीत आला आणि येताना त्याने पाझरण्याचा अर्थ जपून आणला. गाईच्या कासेत दूध असते, पण ती पान्हवली नाही तर थेंब येत नाही; म्हणून पूर्वी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करीत. पुढे या शब्दाला मायेचा अर्थ चिकटला, आणि तो इतका घट्ट चिकटला की 'पान्हा फुटला' म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याला भरून आलेले डोळे दिसू लागतात. डोळ्यांचा आणि पान्ह्याचा संबंध असतोच असे नाही. अरणखोरीच्या शिळेची कथा ऐकताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

अरणखोरी ही पाथरवटांची वाडी. जुन्या खाणीकडे जाणारी वाट जिथे वळते, तिथे काळ्या पाषाणाची एक शिळा आडवी पडलेली आहे. लांबीला पुरुषभर, उंचीला गुडघाभर. तिच्या माथ्यावर नऊ खळगे कोरलेले आहेत. आठ गुळगुळीत, नववा ओबडधोबड, आणि शिळेत उभी गेलेली एक फट नेमकी त्याच्या तळातून जाते. शिळेला शेंदूर नाही, फूल नाही, तिच्याभोवती ओटा नाही. येणारा पाहुणा सवयीने हात जोडू लागला, तर तिथे बसलेले केरबाआबा त्याला थांबवतात. "हात जोडू नका," ते म्हणतात. "जिच्यासाठी हा दगड घडवला तिला पाया पडून घ्यायची सवय नव्हती."

वाडीत मूल जन्मले की पाचव्या दिवशी ते आईच्या कुशीतून उचलून दुसऱ्या घरच्या, अंगावर पाजणाऱ्या एखाद्या बाईच्या मांडीवर देतात. ते पोटभर पिते तोवर आईने काही बोलायचे नसते. त्या बाईला ते मूल जन्मभर पान्हमाय म्हणते. मग ही पान्हमाय बाळंतिणीच्या घरची दूधभाकरी घेऊन शिळेकडे जाते आणि खळग्यांतून वाढते. वाडीतली कुत्री येतात, खातात, निघून जातात. तीही कुणाची नसतात. निदान कुणी त्यांच्यावर आपले नाव सांगत नाही.

ही रीत कशी पडली, ते केरबाआबा पाहुण्यांना सांगतात. त्यांनी ते आपल्या आजीकडून ऐकले, आजीने तिच्या सासूकडून. त्याआधीच्या पिढ्या त्यांना मोजता येत नाहीत.

त्या काळी, म्हणे, वाडीत हौसा नावाची एक सून होती. रावबा पाथरवटाची बायको. एका पावसाळ्याच्या शेवटी वाडीत तापाची साथ आली आणि हौसेची बावीस दिवसांची मुलगी तीन दिवसांत गेली. मुलीचे नाव अजून ठेवायचे होते. बारशाच्या दिवशी पाऊस फार होता, म्हणून ते पुढे ढकलले होते. त्यामुळे पुरताना हाक मारायला तोंडात काही नव्हते.

हौसा रडली नाही. बायका तिच्याभोवती बसल्या, तिच्या पाठीवर थापा मारल्या. "रड गं, हौसे. एकदा मोकळी हो," असे सुईण गिरजाई पुन्हा पुन्हा म्हणाली. "हो," असे हौसा म्हणाली, आणि उठून चुलीतली राख काढू लागली. गिरजाईने तिच्या छातीवर धडपा आवळून बांधला आणि बजावले, "आठ दिवस सोडू नकोस. आपोआप आटेल." हौसेने तो सोडला नाही. धडपा ओला होई, वाळून कडक होई, पुन्हा ओला होई. ते आपल्याच अंगावर चालले आहे, हे तिला एखाद्या शेजारणीची हकिकत ऐकावी तसे कळत होते.

पाचव्या दिवशी ती कामावर गेली. खाणीत पुरुष दगड घडवीत, आणि छिन्नीखाली निघालेल्या कपच्या पाट्यांत भरून बायका खाणीबाहेरच्या ढिगावर टाकीत. हौसा पाटी भरी, नेई, ओती, परत येई. एकदा ती ढिगापर्यंत जाऊन भरलेली पाटी तशीच डोक्यावर घेऊन खाणीत परत आली. "अगं, खाणीचा माल खाणीला परत करतेस का?" असे कुणीतरी हसून म्हणाले. मग पाटीखालचा चेहरा कुणाचा आहे हे दिसले, आणि हसणारी आपली पाटी उचलून चालू लागली.

त्या ढिगाच्या पायथ्याशी एक फुटकी दगडी डोण पालथी पडली होती. तिच्या पोकळीत वाडीतल्या दोन कुत्र्या व्यायल्या होत्या. एक कपिली, म्हातारपणाला टेकलेली, तांबूस. दुसरी बांडी, तिचीच दोन सालांपूर्वीची लेक, पाठीवर पांढरा पट्टा असलेली. कपिलीला चार पिल्ले होती, बांडीला पाच. शेपूट तुटलेला एक कुत्रा, लांड्या, तिथेच आसपास वावरे आणि वरच्या आळीची कुत्री आली की केस फुलवून मध्ये उभा राही. हे सगळे वाडीला ठाऊक होते, म्हणजे कुणी त्याकडे पाहत नव्हते. हौसाही पाहत नव्हती. पाटी ओतल्यावर ती क्षणभर तिथे उभी राही, एवढेच. डोळे उघडे होते म्हणून दिसे.

सातव्या दिवशी सकाळी बांडी तिथे नव्हती. ओल्या मातीत बिबट्याची पावले होती आणि काही अंतरावर पांढरे केस. कपिली आपल्या चार पिल्लांना घेऊन पडली होती. बांडीची पाच पिल्ले आंधळ्यासारखी चाचपडत तिच्याकडे सरकली आणि तिच्या पोटाशी तोंड खुपसू लागली. कपिली गुरगुरली. मग उठली आणि चालू लागली. दोन पिल्ले आचळांना लोंबकळत चार पावले फरफटत गेली आणि गळून पडली. ती थोडी दूर जाऊन बसली. पिल्ले केकाटत राहिली. ती परत आली, पडली, पुन्हा उठली. हौसेच्या तीन पाट्या होईपर्यंत हे चालले होते, असे सांगतात.

चौथी पाटी ओतताना हौसेला दिसले की कपिली आडवी झाली आहे आणि नऊच्या नऊ तिला लुचत आहेत. ती त्यांना चाटत नव्हती. त्यांच्याकडे पाहतही नव्हती. तिचे तोंड वाटेकडे होते, नजर कशावरच नव्हती, आणि कान मात्र उभे होते. थोड्या वेळाने लांड्या कुठूनसा आला, मान खाली घालून त्याने पोटातले अन्न ओकले, आणि ज्यांना दात फुटू लागले होते ती पिल्ले कपिलीला सोडून त्या अन्नावर पडली. लांड्यानेही पिल्ले ओळखून वेगळी केली नाहीत. तो बाजूला जाऊन पाय चाटत बसला.

हौसा किती वेळ उभी होती, याबद्दल सांगणाऱ्यांत एकमत नाही. रिकामी पाटी तिच्या हातात होती एवढे निश्चित.

आता त्याच आठवड्यात वाडीत दुसरे एक मरण झाले होते. सहदेव पाथरवटाची बायको चिमा, मुलगा जन्मून पाच दिवस झाले आणि त्याच तापात गेली. मूल जिवंत होते. त्याच्या घरात पाजणारी दुसरी बाई नव्हती. कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून सहदेवाची आई राहीबाई ती त्याच्या तोंडात धरी. ते चोखी आणि घटकाभराने सारे बाहेर टाकी. वाडीत अंगावर दूध असलेल्या बायका, हौसा धरून, सहा होत्या. एकही गेली नाही.

त्या दुष्ट नव्हत्या, हे केरबाआबा इथे थांबून सांगतात. पाथरवटांची एक पक्की समजूत होती. प्रत्येक घराचा हात निराळा असतो. कुणाचा हात जात्याला, कुणाचा पायरीला, कुणाचा मूर्तीला. हा हात शिकवून येत नाही, तो आईच्या दुधातून येतो, असे ते मानीत. तेव्हा एका घरचे दूध दुसऱ्या घरच्या मुलाला गेले, तर दोन हात एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही घरांच्या छिन्नीखाली दगड फुटतो. ज्यांचे सारे आयुष्य दगड न फुटण्यावर उभे आहे, त्यांना याहून मोठा धाक नव्हता. शिवाय रावबाच्या पुढ्यात त्याच दिवसांत एक मोठी शिळा होती. खालच्या खोऱ्यातल्या देवळाचा उंबरठा. पाच वाड्यांच्या पाथरवटांना वगळून ते काम अरणखोरीला मिळाले होते, आणि अरणखोरीने ते रावबाच्या हाती दिले होते.

त्या दुपारी हौसा पाटी काखेत घेऊन सहदेवाच्या दारात गेली. राहीबाई मूल मांडीवर घेऊन बसली होती. मुलाचे रडणे थांबून दीड दिवस झाला होता. आता ते फक्त तोंड उघडत होते.

"काय गं?" राहीबाईने विचारले.

"पोर द्या."

"कशाला?"

हौसेने पाटी भिंतीशी उभी केली, खाली बसली आणि छातीवरचा धडपा सोडू लागली. गाठ सात दिवसांची होती, सुटेना. राहीबाई तिच्याकडे पाहत राहिली. तिला कळले, आणि कळल्यावर ती घाबरली.

"तुझ्या दादल्यापुढं देवाचा दगड आहे, पोरी."

"आहे."

"उद्या काही झालं तर वाडी आपल्या दोघींना उभं जाळील."

"मावशी, गाठ सोडा," हौसा म्हणाली. "माझा हात पोचत नाही."

राहीबाईने मूल जमिनीवर ठेवले आणि गाठ दातांनी सोडली, असे सांगतात.

मूल आधी ओढीना. मग त्याला ओढता आले. हौसेने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. ते पीत होते तोवर ती दाराबाहेर वाटेकडे पाहत होती. पिऊन झाल्यावर तिने ते परत दिले, पाटी उचलली आणि म्हणाली, "दिवस कलताना येते." जाऊन तिने उरलेल्या कपच्या वाहिल्या.

तिची सासू आवडाई हिला संध्याकाळपर्यंत कळलेच. ती अंगणात उभी राहून ओरडली, "उंबरठा फुटला म्हणजे मग काय खायचं आपण? धोंडे?"

"आत्ता काय खातो?" हौसा म्हणाली. ते थट्टेने म्हटले नव्हते, आणि म्हणूनच शेजारच्या ओट्यावर कुणाला हसू आले नाही. रावबा भिंतीला टेकून बसला होता. मुलीला मातीत ठेवून आल्यापासून तो कामावर जाई, येई, जेवे. आईने दोनदा विचारले, "रावबा, तू सांग हिला." तेव्हा त्याने मान वर केली आणि कुणीतरी वेळ विचारावी तसे बाहेरच्या उन्हाकडे पाहिले.

चार दिवस हौसा दिवसातून पाच वेळा त्या घरी गेली. मुलाने दूध बाहेर टाकणे थांबवले. तिसऱ्या दिवशी ते रडले, आणि राहीबाईने ते रडणे ऐकून भाकरी थापता थापता डोळ्याला पदर लावला. पाचव्या दिवशी खाणीत रावबाच्या छिन्नीखाली उंबरठ्याची शिळा फुटली.

आवाज सगळ्यांनी ऐकला. पाथरवटाला तो आवाज झोपेतही ओळखता येतो. हातोडे थांबले. शिळेच्या एका टोकापासून आत वीतभर अंतरावर उभी फट पडली होती. कुणी काही बोलायच्या आधीच सगळ्यांचे डोळे कपच्यांच्या ढिगाकडे वळले, कारण हौसा तिथे पाटी ओतत होती.

वाडी खाणीत जमली. सहदेव मुलाला घेऊन आला. त्याला बोलावले होते. बोलणी फार झाली नाहीत. पोर आजपासून हौसेच्या अंगाला लावायचे नाही, एवढेच ठरायचे होते, आणि ते ठरल्यासारखेच होते. पुढे त्या पोराचे काय, हे कुणी विचारले नाही. "हौसे, तुला काय म्हणायचंय का?" असे एकाने विचारले.

"नाही," हौसा म्हणाली. मग म्हणाली, "त्याची प्यायची वेळ झाली आहे."

वाडीतले सर्वांत वयस्क मुकिंदबाबा एका कडेला बसले होते. त्यांचे डोळे गेल्याला बारा वर्षे झाली होती. तरी नव्या मोठ्या शिळेवर त्यांचा हात फिरवून घेण्याची रीत होती, आणि या शिळेवर तो फिरवून घ्यायचे राहिले होते; वाडीत एकामागून एक मढी निघत होती. ते उठले, चाचपडत शिळेपाशी आले आणि त्यांनी विचारले,

"रावबा, नाद घेतला होतास का रे?"

नाद घेणे म्हणजे छिन्नी लावण्याआधी शिळेवर हातोड्याने जागोजागी ठोके देऊन कान लावणे. निकोप दगड घंटेसारखा वाजतो. आत शीर असेल तर ठोका मातीत पडल्यासारखा बसतो. सात वर्षांचे पोरही हे विसरत नाही.

रावबा उभा होता. त्याने बराच वेळ विचार केला, असे सांगतात. टाळण्यासाठी नव्हे, खरोखर आठवून पाहण्यासाठी.

"आठवत नाही, बाबा."

"कोणत्या दिवशी छिन्नी लावलीस?"

"पोरीला ठेवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मुकिंदबाबांनी फटीत नख घातले. ते कडेकडेने खाली नेले आणि एका ठिकाणी थांबले. तिथून त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून हळूच काहीतरी ओढले आणि तळहातावर ठेवून सगळ्यांसमोर हात पसरला. केसाएवढे एक मूळ होते. गवताचे. त्याला तांबडी माती लागलेली होती.

"ही फट पाच दिवसांच्या दुधानं पडली म्हणता," ते म्हणाले. "हे मूळ किती दिवसांचं?"

पाथरवटाला दगडातले मूळ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. ते फटीत उतरायला वर्षे लागतात.

एवढ्यावर सगळे मिटले असते, पण मुकिंदबाबांना राहवले नाही. त्यांनी हौसेला विचारले, "तुला हे कुणी शिकवलं, पोरी?" हौसेने ढिगाकडे बोट दाखवले आणि मग त्यांना दिसत नाही हे ध्यानात येऊन म्हणाली, "कपिली पाजते आहे. चार तिची आणि पाच बांडीची."

सगळ्यांनी मागे वळून पाहिले. कपिली डोणीच्या सावलीत आडवी होती. नऊ पिल्ले होती. इतकी माणसे एकदम पाहत आहेत म्हणून लांड्या उठून उभा राहिला आणि गुरगुरला.

"तिचा कोणता दगड फुटला?" मुकिंदबाबांनी विचारले.

सहदेवाने मूल हौसेच्या हातात दिले. ती तिथेच एका कातळावर बसली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाचजणींपैकी दोघी सहदेवाच्या घरी गेल्या, आठवड्यात पाचही. कुणी सकाळी, कुणी दुपारी. त्या मुलाला सहा पान्हमाया झाल्या. तो मोठा होऊन पाथरवट झाला आणि त्याच्या हाताखाली एकही दगड फुटला नाही, असे सांगतात. फुटला असल्यास ते सांगितलेले नाही.

उंबरठ्यासाठी दुसरी शिळा काढली. रावबाने तिचा नाद तीनदा घेतला. पहिली शिळा त्याने टाकून दिली नाही. ओंडक्यांवरून सरकवत तो ती वाटेच्या वळणापर्यंत घेऊन गेला आणि रोजच्या कामानंतर तिच्यावर खळगे कोरू लागला. कुणी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. आठ झाले तेव्हा मुकिंदबाबा म्हणाले, "आता पुढं फट आहे. तिथं टाकी लावू नकोस, धरणार नाही."

"नऊ आहेत," रावबा म्हणाला, आणि त्याने नववा कोरला. तो साफ निघाला नाही. हौसा रोज त्या खळग्यांतून भाकरी कुसकरून ठेवी. कपिली येई, लांड्या येई, पुढे ती नऊही येऊ लागली. त्यांतली दोन त्या हिवाळ्यात मेली. उरलेली कुणाची कोणती, हे तोवर वाडीला सांगता येईना.

आजही अरणखोरीत ढिगाशी एखादी कुत्री व्याली की दुसरी तिथे येऊन पडते, आणि पिल्ले जी जवळ असेल तिला लुचतात. आजही पाचव्या दिवशी मूल दुसरीच्या मांडीवर देतात. आजही शिळेपाशी जाणारी बाई काही बोलत नाही, हात जोडत नाही. वाढते आणि परत फिरते.

खालच्या खोऱ्यात ही कथा निराळी सांगतात. तिथे म्हणतात, कपिलीनेच माणसाच्या मुलाला पाजले. ते खोटे आहे. कपिलीला नऊ होती, दहाव्याला जागा नव्हती. वाडीतल्या नव्या सुना सांगतात ती कथा यापेक्षा गोड आहे, आणि केरबाआबांचा राग तिच्यावर अधिक आहे. त्या सांगतात, हौसेने मुलाचे तोंड पाहिले, तिचे काळीज भरून आले आणि पान्हा फुटला. पान्हा तिला सात दिवस येतच होता, धडप्यात जात होता. तिला त्या दुपारी काय वाटले, असे तिच्या नातसुनेने तिला म्हातारपणी विचारले होते. हौसेने आठवून पाहिले आणि सांगितले, "काही नाही. दूध होतं. ते भुकेलं होतं." माया मागाहून आली की नाही, हेही त्या नातसुनेने विचारले, तेव्हा हौसा म्हणाली, "आली असेल. काम होतं." शेवटी त्या सुना म्हणतात, ती त्या शिळेवर बसून मुलीसाठी रडली, आणि नववा खळगा तिच्या आसवांनी भरलेला असतो. हौसा तिथे रडल्याचे कुणी पाहिलेले नाही. आणि नवव्या खळग्याच्या तळाशी ती फट आहे. भर पावसातही त्यात पाणी ठरत नाही.